उज्जीया राहूनच गेला

गर्वाची शिक्षा बायबलात इजिप्तचा फारो, बाबेलचा नबुखद्नेस्सर अशा परक्या, जुलमी राजांनाच होते, असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. बायबलातल्या २ इतिहास या पुस्तकाच्या अध्याय २६ मधला उज्जीया बघा. यहूदा या प्राचीन यहुदी राज्याचा राजा, सोळाव्या वर्षी गादीवर आला, ५२ वर्षं राज्य केलं, आणि बराच काळ देवाला धरून चालला. रानात बुरूज बांधले, पाण्याची टाकी खोदली, गुरंढोरं मुबलक, शेतीची मनापासून आवड. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला तर तो आपल्यातलाच वाटेल. भुसावळला आमच्या बायबल अभ्यासात हा भाग वाचला तेव्हा एक बागायतदार काका त्या टाक्यांपाशीच थांबले. म्हणाले, "बोअरला पाणी लागेपर्यंत माणूस गुडघ्यावर असतो. लागलं की म्हणतो, जागा मीच दाखवली होती." उज्जीयाचं नेमकं हेच झालं, बळ वाढलं आणि मन चढलं.

शिक्षाही नीट वाचण्यासारखी आहे. धूप जाळणं याजकांचं (मंदिरातल्या पुरोहितांचं) काम, ते करायला तो स्वतः मंदिरात शिरला. याजक अजऱ्या आणि आणखी ८० याजक आडवे आले, तर त्यांच्यावरच भडकला. हातात धुपाटणं असतानाच कपाळावर कोड उठलं. राज्य बुडालं नाही, शत्रूही चालून आला नाही. पण कोड झालेला माणूस अशुद्ध मानला जाई, म्हणून मंदिराशी संबंध कायमचा तुटला, मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला आणि कारभार मुलगा योथाम बघू लागला. गर्वापायी भान हरपलेल्या नबुखद्नेस्सराला निदान शुद्धीवर आल्यावर राज्य परत मिळालं, उज्जीयाला तेवढंही नाही.