साय पातळ झाली, म्हशींच्या खाण्यात काय चुकतंय?

दहिसरची सून

नमस्कार. दहिसरला आमचं जुनं घर आहे, मागे छोटा गोठा, तीन म्हशी. सासऱ्यांनी हयातभर हेच केलं. गेल्या वर्षापासून मी आणि दीर बघतो. डेअरीला दूध घालत नाही, आजूबाजूच्या चार सोसायट्यांत घरपोच जातं. त्यामुळे फॅट कुणी मोजत नाही, गिऱ्हाईक सांगेल तेच खरं. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पातेलं उघडून दाखवलं. "पूर्वी सुरीने कापावी लागायची साय, आता बघ." फुंकर मारली तरी सरकत होती. त्या बोलल्या नाहीत, पण आम्ही पाणी घालतो असं त्यांच्या मनात आलं हे मला कळलं. थेंबभर पाणी घालत नाही हो आम्ही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दूध कमी झालेलं नाही. उलट चंद्री ९ लिटरवर गेली आहे, आधी ८ देत होती. बदललंय ते खाणं. जूनमध्ये माळा गळला, पेंढा भिजून काळा पडला, सगळा टाकावा लागला. नवा घ्यायचा तर भाव परवडेना. तेव्हापासून एका म्हशीला दिवसाला हिरवं गवत २० किलो, पेंढा जेमतेम दीड किलो, गोळी पेंड ६ किलो आणि बिअरच्या कारखान्यातून येणारा ओला भुसा २० किलो. पूर्वी पेंढा ६ किलो होता आणि ओला भुसा नव्हताच. दीर गवत कुट्टी मशीनवर अगदी बारीक करतो, वाया जाऊ नये म्हणून. शेण पळीवाढं झालंय. मुरी तर दुपारी नुसती बसून असते, तोंड हलत नाही.

कुठे चुकतंय?

गोरेगावकर

ताई, आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीत, रोज पाव लिटर गोडंतेल घाला. माझ्या मामाकडे घालायचे, साय दाट येते म्हणायचे. सरकीही सुरू करा.

आरेतला जुना माणूस

तेल घालू नका. आधी हे सांगतो, कारण ताई आजच घालतील.

मी गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत पशुधन पर्यवेक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शहरातले तबेले बाहेर न्यायचे म्हणून १९४९ साली आरे वसवली, आणि तिथल्या युनिटांवर, म्हणजे म्हशींच्या गोठ्यांवर, साय पातळ झाल्याची तक्रार मी दर पावसाळ्यात ऐकली आहे. म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जे जिवाणू चारा कुजवतात, त्यांच्यावर आपलं दूध अवलंबून. तेल ओतलं की चाऱ्याच्या काड्यांवर थर बसतो, जिवाणूंचं काम मंदावतं, आणि फॅट वाढायच्या ऐवजी आणखी पडते. सरकी चांगली, पण ती पेंढ्याची जागा घेत नाही.

आता तुमचा हिशेब करू. किलोवर जाऊ नका, पाणी वजा करा. पावसाळी गवत २० किलो म्हणजे त्यात सुकं जेमतेम ४ किलो. ओल्या भुशातही तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच, सुकं साडेचार किलोच्या आसपास. गोळी पेंडीतून साधारण साडेपाच, पेंढ्यातून सव्वा. एकूण सव्वापंधरा किलो. त्यातला चघळायचा चारा, म्हणजे गवत आणि पेंढा मिळून, सव्वापाच. एक तृतीयांश! तो निम्म्याच्या खाली जाता कामा नये, म्हशीला दोन तृतीयांश असला तर उत्तम. आणि तुमच्याकडे आहे तो गवताचा वाटाही मशीनने भुगा करून टाकलेला.

लांब काडीचा चारा असला की जनावर रवंथ करतं. रवंथ केली की लाळ सुटते, बादल्याच्या बादल्या. लाळेत खायच्या सोड्याचाच क्षार असतो, तो कोठीपोटातला आंबटपणा मारतो. काडी नाही तर रवंथ नाही, लाळ नाही, पोट आंबट. मग शेण पातळ. फॅटचं म्हणाल तर चाऱ्यातला तंतू कुजून ॲसेटिक आम्ल तयार होतं, कास त्यातूनच बरीचशी चरबी बनवते. पेंडीतल्या पिठूळ भागातून होतं ते दुसरं आम्ल, त्याने दुधातली साखर आणि लिटर वाढतात. म्हणून चंद्री ८ वरून ९ ला गेली आणि साय गेली. पाण्याचा संशय आला तो त्यामुळे. आजींना हे जरूर सांगा.

करायचं असं. सकाळी धार काढल्यावर गव्हाणीत आधी कोरडा पेंढा, मगच आंबोण. पेंढा दर तीन-चार दिवसांनी एकेक किलो वाढवत ५-६ वर न्या, ओला भुसा तसा कमी करत ८-१० वर आणा. एकदम उलटापालट केली तर जिवाणू मरतात, दहा-पंधरा दिवस लागू द्या. कुट्टी दीड-दोन इंचांची ठेवा. पेंढ्यात कॅल्शियम, फॉस्फरस दोन्ही कमी पडतात, म्हणून खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. आणि मुरी खातच नसेल, डावी कूस फुगली असेल, तर वाट न बघता डॉक्टर बोलवा. परळला पशुवैद्यकीय कॉलेज आहेच.

जोगेश्वरी, तबेल्यातला मुनीम

काकांच्या म्हणण्यात एक भर. ओला भुसा किती दिवस ठेवता? आमच्याकडे रोज गाडी येते आणि दुसऱ्या दिवसाचा भुसा कुणी घालत नाही. पावसात तिसऱ्या दिवशी पिंपात वरून पांढरी-हिरवी बुरशी धरते. वरचा थर काढून खालचं घालू नका, विष खालीही उतरलेलं असतं आणि दुधात येतं. लहान मुलं पितात ते.

दुसरं, शेवटच्या धारा कोण घेतं? सगळ्यात जास्त फॅट तिथेच असते. दीर घाईत अर्धवट काढून रेडकाला सोडत असतील तर ती साय रेडकाच्या पोटात. पहिल्या धारा त्याला द्या, शेवटच्या तुम्ही घ्या.

दहिसरची सून

बारा दिवसांनी लिहितेय.

मुनीमदादा, तुम्ही पिंपाचं विचारलंत आणि मी उठून बघायला गेले. तळाशी हात घातला तर भुसा कोमट लागला, वास आंबट, कडेला हिरवट लव. गाडी चौथ्या दिवशी यायची आमची. सगळं खत म्हणून टाकलं. आता एक दिवसाआड आणतो, तेही थोडंच, पिंप रोज धुऊन उन्हात. ऊन असेल तेव्हा. धारांचंही खरं निघालं, दीर रेडकाला शेवटी सोडत होता.

काका, पेंढा वसईहून आणला, महाग पडला पण आणला. ५ किलोवर आलोय. पहिले चार दिवस तिघींनी तोंड फिरवलं, मी मिठाचं पाणी शिंपडून दिलं. पाचव्या दिवशी दुपारी गोठ्यात गेले तर मुरी बसून चघळत होती. मी तिथेच पायरीवर बसून मोजलं. एका घासाला ५२ वेळा जबडा फिरला, मग गळ्यातून खाली जाताना दिसला घास, थोडं थांबली आणि दुसरा वर आला. शेण आता थापता येतंय.

चंद्री ८ वर आली. आजींना मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. आज सकाळी त्यांनी पातेलं दाखवलं नाही, पण उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाक म्हणाल्या.

एक राहिलं काका: तिसरी, गौरी, सात महिन्यांची गाभण आहे. तिलाही हेच खनिज मिश्रण चालेल?

आरेतला जुना माणूस

चालेल, ५० ग्रॅमच. दूध द्यायची म्हणून दिली जाणारी पेंड हळूहळू कमी करत तिला आटवायला घ्या. विण्याआधी दोन महिने कास मोकळी हवी. शेवटच्या तीन आठवड्यांत परत थोडी थोडी पेंड वाढवा आणि व्याल्यावर लघवीचा रंग बघत जा. पेंढ्यावर असलेल्या म्हशीला फॉस्फरस कमी पडला की लघवी लालसर-कॉफीसारखी होते. तशी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.