बंद उसवतात त्यावर
ताई, चित्रकलेच्या क्लासच्या पिशवीचे बंद महिन्यात उसवले म्हणालात, तो दोष दोऱ्याचा नव्हे. बंद नुसता कडेला टाचला की सगळं ओझं एकाच शिलाईवर येतं. टोक पिशवीवर दीड इंच खाली घेऊन चौकोन शिवा, आत फुली मारा. जाड कापडाला मशीनची १६ नंबरची सुई. १४ची माझी दोनदा मोडली की! ए-थ्री कागद ४२ सेंटिमीटर लांब, म्हणून पिशवी आतून ४५ तरी हवी. कापड आधी भिजवून वाळवा. शहापुरातून आणलेलं मांजरपाटाचं कापड मी तसंच बेतलं, पहिल्याच धुण्यात आटलं आणि लेकीची चित्रवही चार बोटं बाहेर. (अस्तर मात्र झकास, आईच्या जुन्या खणाच्या झंपराचं.) घुंगरांच्या पिशवीला अस्तर दुहेरी लावा, पितळ कापड खातं बघा.