रोजच्या रगाड्यातलं वाचन-लेखन : तुमचे अनुभव लिहा

'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक लेकराला समजून वाचता-लिहिता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. नुसत्या शाळेच्या तासांवर ते होणार नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्या घरात गोष्टीचं एकही पुस्तक नाही, तिथंही कॅलेंडर असतं, बियाण्याची पिशवी असते, एसटीची पाटी दिसते. तुमच्या घरात, वर्गात काय जमलं ते लिहा. केलेलंच लिहा.

शिक्षिका, जि. प. शाळा, परभणी जिल्हा
माझ्या पहिलीच्या वर्गात हजेरी लेकरंच लावतात. दाराशी दोन दोऱ्या आहेत, एक 'घरी', एक 'शाळेत'. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाचं नाव जाड अक्षरात लिहिलंय. आलं की आपली पट्टी काढायची आणि पलीकडच्या दोरीला चिमट्यानं लावायची. जूनमध्ये नावाशेजारी चित्र असतं, मोर, बैल, छत्री. दिवाळीनंतर चित्र कापून टाकते, आणि खरं वाचन तिथून सुरू होतं. 'सोहम' आणि 'सोनाली' या पट्ट्यांची सारखी अदलाबदल व्हायची. एका सकाळी सोनाली थांबली, 'सो'वर बोट ठेवलं, पुढं सरकवलं आणि म्हणाली, "बाई, ह्याचं 'म'वर संपतंय, माझं 'ली'वर!" त्यानंतर सगळा वर्ग नावाचा शेवट बघायला लागला. मग 'सो' घरात कुठं सापडतं, याचा शोध. बहुतेकांना तो सोयाबीनच्या पिशवीवर सापडला.

अ ते ज्ञ घडाघडा म्हणणारं लेकरू मधलंच अक्षर दाखवलं की पुन्हा 'अ'पासून म्हणत येतं, हे आपण सगळ्या बायांनी पाहिलंय. नावाच्या पट्टीनं ते होत नाही.

आई, अंबाजोगाई
बसस्थानकासमोर आमचं चहाचं हॉटेल आहे. पोरगं दुसरीत. गाडी लागली की पाटी वाचायची, हे त्याचं काम. 'परळी', 'लातूर' लगेच आलं. 'छत्रपती संभाजीनगर' आधी नुसतं लांबीवरून ओळखायचा, आता 'छत्र'पर्यंत वाचतो आणि पुढचं अंदाजानं म्हणतो. रात्री उधारीच्या वहीत 'चहा २' त्याच्याच हातचं असतं.

अंगणवाडी सेविका, जालना जिल्हा
तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना मी लिहायला बसवत नाही. पालक पाटीभर अक्षरं मागतात, तरी नाही. शेंगा सोलणं, ज्वारीतले खडे वेचणं, मातीचे बैल करणं, यानं बोटं तयार होतात. खिचडी शिजेपर्यंत गाणी आणि गोष्ट, रोज. तीच गोष्ट पुन्हा मागतात, मी पुन्हा सांगते.

ऊसतोड कुटुंबातला थोरला भाऊ, बीड जिल्हा
दिवाळी झाली की आई-बापू कारखान्यावर जातात. धाकटी आणि मी आजीजवळ राहतो. आजीला वाचता येत नाही. संध्याकाळी बहीण दिवसभराचं सांगते, मी तिच्याच शब्दांत चार ओळी वहीत लिहितो. फोन लागला की ती आईला त्या वाचून दाखवते. बोलणं तिचंच, म्हणून पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक असतो, अडखळत नाही. 'शेळीला दोन करडं झाली' ही ओळ आईनं दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ चुलीतल्या कोळशानं भिंतीवर. आजीनं पुसू दिली नाही. आता आजी रोज विचारते, आज काय लिवलं?

शिक्षक, तांडा वस्ती शाळा, हिंगोली जिल्हा
वरच्या भावासारखंच मीही करतो. फरक एवढाच, की माझी लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. परिपाठानंतर एक जण काल काय झालं ते सांगतो आणि मी ते आहे तसंच, देवनागरीत फळ्यावर लिहितो. 'याडी' (आई) फळ्यावर दिसली की मागच्या रांगेतलं गप्प लेकरूही हात वर करतं. खाली तेच मराठीत, सगळे मिळून. पहिलीत हे छान चालतं. दुसरीत पुस्तकातल्या लांब वाक्यांवर गाडी अडते. किनवट-माहूरकडं वर्गात गोंडी, तेलुगू बोलणारी लेकरं असलेल्या बाई-सरांनी तिथून पुढं काय केलं, ते इथं जरूर लिहावं.