मदत हवी आहे: रोममध्ये खाल्लेला 'काचो ए पेपे' घरी करताना चीजच्या गुठळ्या होतात

सावली:
नमस्कार. येत्या शनिवारी आमच्या लग्नाचा दहावा वाढदिवस आहे आणि त्या दिवशी मला 'काचो ए पेपे' हा चीज-मिरीचा पास्ता करायचा आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघे रोमला गेलो होतो. शेवटच्या रात्री तिथल्या त्रास्तेवेरे भागाच्या गल्ल्यांत पावसाने गाठले, म्हणून समोर दिसलेल्या पहिल्याच खाणावळीत शिरलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीलगतचे एक छोटे टेबल मिळाले. दोघांत मिळून एकच ताटली मागवली होती, आणि शेवटचा घास कोणी खायचा यावरून ती ताटली कितीतरी वेळ इकडून तिकडे सरकत राहिली. त्यानंतरच्या कुठल्याच जेवणाची आम्हाला इतकी आठवण येत नाही. मी घरी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा चीजचा रबरासारखा गोळा झाला. काय चुकते आहे? कृपया लवकर सांगावे, हातात पाचच दिवस आहेत.

वाटसरू:
सावलीताई, चीज कोणते वापरले, किती वापरले, ते घातले तेव्हा पॅन आचेवर होते की नाही, आणि पास्ता किती पाण्यात उकडला, एवढे सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

चाफेकळी:
इतका विचार करण्याची गरज नाही. पॅनमध्ये अर्धी वाटी क्रीम गरम करून त्यात चीज घाला. मी अनेक वर्षे असेच करते आणि गुठळी कधीही होत नाही.

ध्रुव:
चाफेकळी, क्रीम घातल्यावर तो पदार्थ चविष्ट लागेलही, परंतु तो काचो ए पेपे राहणार नाही. नावाचा अर्थच 'चीज आणि मिरी' असा आहे, आणि त्याचा दाटपणा येतो तो चीज आणि पास्त्याचे पिठूळ पाणी यांच्या मिलाफातून. ताईंना विशिष्ट रात्रीची चव हवी आहे, कोणताही पांढरा पास्ता नको आहे.

चाफेकळी:
मी सोपा उपाय सांगितला. शनिवारी ताटलीत गोळा वाढण्यापेक्षा क्रीम बरे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुना वाटाड्या:
रोमला पुन्हा जाल तेव्हा जुन्या ज्यू वस्तीतला 'कार्चोफी आला जुदिया' अवश्य खा. अख्खा आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी) तेलात तळतात, पाकळ्या फुलासारख्या उमलतात आणि पापडीसारख्या कुरकुरीत होतात. आम्ही दोघांनी तो हातांनी पाकळी पाकळी खुडून खाल्ला होता. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत गेलात तर ताजा मिळतो.

सावली:
वाटाड्याकाका, आभारी आहे, पण आत्ता शनिवारचे संकट मोठे आहे. वाटसरू, चीज पाकिटातले किसलेले होते, साधारण मूठभर. पास्ता मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडला, पाणी ओतून टाकले, पास्ता पॅनमध्ये घेतला आणि मंद आचेवर चीज घातले. आच मंदच होती.

वाटसरू:
या चार ओळींत तीन कारणे सापडली. पाकिटातल्या किसलेल्या चीजला बहुधा गोळा होऊ नये म्हणून सेल्युलोज किंवा पीठ चोळलेले असते, त्यामुळे ते नीट विरघळत नाही. चीज अख्खे आणून बारीक किसणीवर किसावे. ओतून टाकलेले पाणी हाच खरा ऐवज होता; पास्ता कमी पाण्यात उकडला तर त्या पाण्यात स्टार्च दाट उतरतो. तिसरे कारण आच. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर चीजमधली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि तुम्ही सांगता तोच रबरी गोळा तयार होतो. आच मंद असली तरी पॅनचा तळ त्याहून बराच तापलेला असतो. तुम्ही खिडकीशेजारी बसला होता ना? आचाऱ्याने चीज कुठे घातले, ते आठवते का?

सावली:
आठवते! त्याने पास्ता चिमट्याने उचलून स्टीलच्या मोठ्या वाडग्यात टाकला, चीजही त्यातच घातले. वाडगा ओट्यावर, ओल्या फडक्यावर ठेवलेला होता. मग डाव्या हाताने थोडे थोडे पाणी सोडत तो उजव्या हाताने पास्ता गरागरा फिरवत राहिला. वाफेने माझ्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. चूल मागे होती, तिकडे तो वळलाही नाही. मी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते आणि घरी मात्र पॅन आचेवर ठेवले.

ध्रुव:
मग उत्तर तुम्ही रोमहूनच आणले होते. आणखी खात्री हवी असेल तर स्टार्च बाहेरून घाला. याच पदार्थाच्या गुठळ्यांवर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात २०२५ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्याला त्याच वर्षी इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे) पारितोषिकही मिळाले. त्यांच्या मते चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च पुरतो. म्हणजे १६० ग्रॅम चीजला ४ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. ते थोड्या पाण्यात शिजवून खळीसारखे करा, गार होऊ द्या, मग त्यात चीज घोटा. मिरी अख्खी कोरडी भाजून भरडायची, हे विसरू नका. तयार पूड घातली तर तेवढा सुगंध येत नाही. चीज मात्र पेकोरिनो रोमानोच हवे.

अनाहत:
येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचे असते आणि ते दूध फाडून घट्ट करण्यासाठी कोकराच्या जठरातले रेनेट नावाचे विकर वापरतात. पार्मिजानो रेजानो या दुसऱ्या इटालियन चीजमध्ये वासराचे असते. ताई, घरी कोणी शाकाहारी असेल तर खरेदीपूर्वी विचार करावा.

सावली:
माझा नवरा शाकाहारी आहे. आम्ही त्या रात्री 'मांस नाही ना' एवढेच विचारले होते. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

चाफेकळी:
झाले ते अजाणतेपणी झाले. आता त्यांना सांगून ती आठवण कशाला कडू करायची?

अनाहत:
मला ते पटत नाही. काय खायचे आणि काय नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलेले आहे. मग ही माहिती त्यांच्यापासून दडवणे योग्य नाही. सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरून केलेली कडक चीजे मिळतात, वेष्टनावर तसे लिहिलेले असते. त्यांत मेंढीच्या दुधाचे मिळाले तर उत्तम.

ध्रुव:
अनाहत यांचे बरोबर आहे, आणि पेकोरिनो रोमानोचा आग्रह मी मागे घेतो. रोमचे नाव असलेले ते चीजही बहुतांशी इटलीच्या सार्डिनिया बेटावरच बनते. तेव्हा नावापेक्षा खारट, जुने आणि कडक असणे महत्त्वाचे.

सावली:
सर्वांचे आभार. नवऱ्याला काल सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की पुढच्या प्रवासात चीजबद्दलही विचारत जाऊ, आणि शनिवारचा बेत तसाच ठेव. वेष्टनावरचा मजकूर वाचून चीज त्यानेच निवडले. आज रंगीत तालीम केली: कमी पाणी, कॉर्नफ्लोअरची खळ, ओल्या फडक्यावर वाडगा. एकही गुठळी नाही, सॉस प्रत्येक शेवयीला सायीसारखा चिकटला. मात्र फार खारट झाला. पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीइतकेच घातले होते.

वाटसरू:
मीठ निम्म्याहून कमी करा. चीज आधीच खारट असते आणि कमी पाण्यात उकडल्यामुळे मीठही दाटून येते. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून घ्या, नाहीतर टेबलावर पोहोचेपर्यंत सॉस घट्ट होईल.

सावली:
ताटल्या नाही, एकच ताटली. पण गरम करून घेईन.