विषय: डीपॉल, पाद्री आणि काकाजींची बैलजोडी

प्रेषक: भाऊ, सध्या मुक्काम दारव्हा तालुका

मंडळी, नमस्कार.

पहिल्या वेचणीला गावी आलोय. शेजारच्या काकाजींच्या पोराला शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात कॉम्प्युटरच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले आणि मग पारावर कोणीतरी पुडी सोडली, की ते पाद्र्यांचं कॉलेज आहे. रात्री काकाजी ओट्यावर येऊन बसले. "पोट्टं शिकाले चाललं का धरम बदलवाले, येवढं सांगजो बाप्पा."

ठाऊक होतं तेवढं सांगितलं. १८९८ साली व्हिन्सेन्शियन, म्हणजे संत व्हिन्सेंटच्या संघातल्या पाद्र्यांनी सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज काढलं, ते शिकागोत पोटासाठी आलेल्या लोकांच्या पोरांसाठी. (त्याच सालच्या डिसेंबरात आपल्या पापळला पंजाबराव देशमुख जन्मले. हे ऐकून काकाजी जरा सैल झाले.) १९०७ साली त्याचं डीपॉल विद्यापीठ झालं, तेव्हा सनदेतच लिहिलं की प्रवेशाला धर्माची अट नाही. १९११ पासून बायकांनाही दार उघडलं.

पण काकाजींना पटला तो संत, ज्याचं नाव विद्यापीठाला दिलंय. व्हिन्सेंट डी पॉल, १५८१ चा जन्म, फ्रान्समधल्या पुई गावच्या शेतकऱ्याचं पोर, डुकरं-मेंढरं राखणारं. बापानं बैलजोडी विकून त्याला तुलूझला शिकायला धाडलं. काकाजी हसले. "म्हंजे तिकडीबी बैलच इकतेत." यंदा पोळ्यानंतर त्यांचाही गोठा रिकामा आहे. ट्रॅक्टरनं भागतं, असं लोकांना सांगतात.

हाच व्हिन्सेंट आधी डॅक्सच्या शाळेत होता तेव्हा बाप भेटायला आला. साधे कपडे, पायानं लंगडा. पोराला लाज वाटली, तो बापाशी बोलायलाही गेला नाही. म्हातारपणी हे त्यानं स्वतःच्याच तोंडानं कबूल केलं. मी हे पोरासमोर सांगितलं, मुद्दाम.

तुमच्यापैकी कोणी तिथं शिकलंय का?

भाऊ

प्रेषक: काकू, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

भाऊ, मी शिकले. दिवसा नोकरी, संध्याकाळी लूपमध्ये, म्हणजे शिकागोच्या मध्यवस्तीत, वर्ग. चर्चला चल, असं मला कोणी कधी म्हणालं नाही. पदवीच्या पोरांना धर्माचा एखादा विषय घ्यावा लागतो, पण त्यात बौद्ध, हिंदू, इस्लाम सगळं असतं. काकाजींना म्हणावं, नागपूरला सेमिनरी हिल्सला सेंट फ्रान्सिस डि सेल्स कॉलेज १९५६ पासून आहे. तुमच्या भागातली किती पोरं तिथं शिकली, त्यातलं कोण ख्रिस्ती झाल्याचं ऐकलंय? आणि तो फ्रान्सिस या व्हिन्सेंटचा स्नेही होता बरं का.

विद्यापीठवाले 'मिशन मिशन' म्हणतात त्यात मला आवडलेली गोष्ट १६१७ ची. शातियाँ गावात एक घर आजारानं आडवं झालं होतं. व्हिन्सेंटनं प्रवचनात सांगितलं आणि अख्खं गाव भाकरतुकडा घेऊन तिकडे निघालं. तो म्हणाला, आज इतकं की नासून जाईल, उद्या पुन्हा उपाशी. म्हणून त्यानं गावच्या बायकांच्या पाळ्या लावल्या. आपल्या मंडळानं मागे गावाकडे मदत पाठवली तेव्हा तीन जणांनी ताडपत्र्याच धाडल्या आणि बियाणं कोणीच नाही, ते आठवलं.

पण वाहवत जाऊ नका. विद्यापीठ खासगी आहे, संताच्या नावानं फी माफ होत नाही. बैलजोडीच्या पैशात तिथला एक विषयही पुरा होत नाही. बाकीचं कर्ज कशावर काढलंय, ते विचारलंत का?

काकू

प्रेषक: सचिव

विमानाची तारीख कळवा. २८ डिसेंबर ऐकलं ते बरोबर का? विमानतळावर मी जाईन. खोली मिळेपर्यंत आमचं तळघर मोकळं आहे. थंडीचे कपडे तिकडून घेऊ नका म्हणावं, नागपुरातलं स्वेटर इथं बनियनसारखं वाटतं.

प्रेषक: भाऊ

काकू, विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन एकर." म्हणजे नाल्याकडचं, पाण्याचं वावर. मी पुढे काही बोललो नाही.

जाताना त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्या संताच्या बापाले बैल परत भेटले का?"

खोटं कसं सांगणार? बाप १५९८ साली गेला. जाताना मृत्युपत्रात लिहून ठेवलं की पोराचं शिक्षण थांबवू नका. पोरगा पाद्री झाला १६०० साली.

"म्हंजे त्यानं पायलंच नाही," काकाजी म्हणाले. चप्पल शोधली, बॅटरी लावली. "चालतो. सकायी येचाले बाया येतीन."

सचिव, विमान २९ चं आहे, २८ चं नाही. दुबईमार्गे.

भाऊ