मुलीला आकडे रंगीत वाटतात, काळजीचं आहे का?

निळावंती:
मुलगी नऊ वर्षांची आहे. परवा गणितं सोडवताना सहज बोलून गेली की ३ पिवळा, ७ हिरवा आणि ३७ तिला आवडत नाही कारण ते दोन रंग शेजारी बरे दिसत नाहीत. वाटलं खेळतेय, पण नंतर मुद्दाम आडून आडून विचारलं तर सगळे रंग तेच. वहीतली शाई काळीच दिसते म्हणते, रंग "मनात येतो". डोळे तपासून घेऊ का?

घुबड:
डोळ्यांचा काही संबंध नाही ताई, याला सिनेस्थेशिया म्हणतात. एक संवेदना झाली की तिच्यासोबत दुसरी आपोआप जागी होते, ठरवून आणता येत नाही आणि थांबवताही येत नाही. कुणाला सूर ऐकला की रंग दिसतात, क्वचित कुणाला शब्दांची चव लागते. आजार नाहीये हा, २००६ च्या एका अभ्यासात शंभरात साधारण चार जणांना कुठला ना कुठला प्रकार सापडला होता. तुम्ही केलंत तीच खरी टेस्ट, संशोधकही न सांगता काही महिन्यांनी परत विचारतात आणि अशा लोकांची उत्तरं फारशी हलत नाहीत.

सांजवेळ:
मला अक्षरांना आहे. क तांब्याच्या रंगाचा, कि म्हटलं की तोच जरा उजळतो आणि कु ला काळपट होतो, अख्खा शब्द पहिल्या अक्षराच्या रंगात बुडतो त्यामुळे माणसांची नावं पटकन लक्षात राहतात पण एका रंगाची दोन नावं असली की हमखास घोळ. लहानपणी "काहीतरीच बोलू नकोस" ऐकून मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलंच नाही. प्लीज तिला असं म्हणू नका, उलट तिच्याकडून सगळे रंग लिहून घ्या, खूप आवडेल तिला.

भटक्या:
घरात अजून कुणाला आहे का विचारा, बरेचदा एकाच कुटुंबात सापडतं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये मांडलं होतं की मेंदूत आकडे ओळखणारा भाग आणि रंगांचा भाग अगदी शेजारी आहेत, त्यांच्यात जास्तीची जोडणी राहत असावी. यावर अजून एकमत नाही, पण मला तरी पटतं. आणि एक, रंगीत आकड्यांचे तक्ते असतील तर तिला साधे काळे द्या, ७ लाल छापलेला असला की अशा मुलांना वाचायला किंचित जास्त वेळ लागतो.

घुबड:
हो, आणि डॉक्टर कधी, तर मोठेपणी अचानक सुरू झालं किंवा डोक्याला मार लागल्यावर झालं तर. तिचं तसं काही दिसत नाही.