एअर बेड घ्यावा का स्प्रिंगची गादी? (गावभाग, तळमजला)

गावभागातली_सून
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आम्ही सांगलीत गावभागात भाड्यानं राहतोय, तळमजला, पावसाळ्यात काय असतं ते सांगायला नको. जुनी कापसाची गादी पार दगड झालीय, पिंजायला टाकूया म्हटलं तर मिस्टर म्हणतात आता नवीनच घेऊ. ते एअर बेडच्या मागं लागलेत, का तर पाणी आलं की हवा सोडायची, घडी घालायची आणि माळ्यावर टाकायची. मला स्प्रिंगची पाहिजे, नणंदेकडं झोपून बघितलीय, उठावंसंच वाटत नाही. त्यात मिस्टरांची कुपवाडला सेकंड शिफ्ट, रात्री येऊन धपकन पडतात आणि माझी झोप मोडते. शिवाय सासूबाईंचं मिरजेत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांना हवेची गादी चांगली असं शेजारच्या काकू म्हणाल्या. एका गादीत हे सगळं बसंल का?

कृष्णाकाठ_४५
पुराचं मिस्टर बोलतात ते खोटं नाही ओ. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, ओसरल्यावर गल्ल्यागल्ल्यात गाद्यांचे ढीग पडलेले. स्प्रिंगची एकदा भिजली की संपली, वरचा फोम आतून वाळत नाही, तारा गंजतात आणि वास काय जात नाही. पण म्हणून बारा महिने हवेवर झोपायचं का? चार दिवस पाहुणे आले तर ठीक. रोज झोपलं की रबर ताणतं, त्यात रात्री गार पडलं की आतल्या हवेचा दाब कमी होतो, मग गळती नसली तरी पहाटे कंबर खाली आणि पाय वर. थंडीत खालनं गारठा लागतो तो वेगळाच, वाकळ अंथरल्याशिवाय झोप नाही.

विश्रामबाग_वाला
स्प्रिंग घेणार असाल तर दुकानात पहिला प्रश्न हा विचारा, बोनेल का पॉकेट? बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकीला बांधलेल्या असतात, स्वस्त पडते पण मिस्टर पडले की तुम्ही उडणारच. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळं हलणं बरंचसं तिथंच राहतं. जास्त पैसे जातात, पण तुमच्या केसमध्ये तेच घ्या. आणि पलंगाच्या फळ्या लांब लांब असतील तर खाली प्लाय टाका, नाहीतर गादी मधूनच बसती.

मिरजेची_सिस्टर
सासूबाईंचं सांगते, कारण इथं घोळ होतोय. काकू म्हणतात ती हवेची गादी वेगळी, ती अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते. नेहमीच्या गादीवर टाकायची, पलंगाला पंप अडकवायचा, तो आलटून पालटून फुगे भरतो आणि सोडतो. पंप दिवसरात्र चालू लागतो, लाईट गेली की इन्व्हर्टर बघा. आणि ती घातली तरी पेशंटला कुशीवर वळवावं लागतंच. गुडघ्याच्या ऑपरेशनला त्याची गरज सहसा पडत नाही, हल्ली त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. त्यांना पाहिजे जरा उंच पलंग आणि कडेला बसलं तरी दबणार नाही अशी घट्ट गादी. एअर बेड जमिनीलगत, काठाला बसलं की खाली जाणार, तिथनं नवा गुडघा घेऊन उठायचं कसं? बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ_४५
सिस्टर बरोबर. मग ताई असं करा, डबल घेऊच नका. ७२ बाय ३६ च्या दोन सिंगल पॉकेट स्प्रिंग घ्या आणि शेजारी शेजारी टाका. मिस्टर कितीबी धपकन पडू देत, तुमच्या गादीला कळणार नाही. सासूबाई आल्या की एक त्यांच्या पलंगावर. आणि कोयनेतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली, पाणी ४० च्या इशारा पातळीकडं निघालं, की दोघांनी एकेक करून वर न्यायची. डबल स्प्रिंग जिन्याच्या वळणावर अडकती, दुमडली तर तारा वाकतात. मात्र घरमालकाला आधीच विचारून ठेवा वरच्या खोलीत ठेवू देतो का, पाणी दारात आल्यावर सगळेच विचारतात.

गावभागातली_सून
हे डोक्यातच नव्हतं आलं! पण मधल्या फटीचं काय?

विश्रामबाग_वाला
दोन्हीवर मिळून एक वाकळ आडवी टाका, जाणवत नाही. आधी पलंग मोजा मात्र, आपल्याकडं सुतारानं केलेल्या पलंगाचं माप कंपनीच्या मापाला जुळेलच असं नाही.

गावभागातली_सून
मोजला, ७५ बाय ७२ भरला, म्हणजे ७५ बाय ३६ च्या दोन बघते. मिस्टर म्हणतात चालंल, पण पाहुण्यांसाठी एक एअर बेड घ्यायचाच. घेऊ देत, त्यांचे पाहुणे आले की तेच झोपतील त्याच्यावर.